होल्डरवर किती येतंय

रुबाब तडवी ट्रकमधून उतरला तोच खोका हातात घेऊन.
शंभर-नव्वदचे बल्ब, भुसावळहून, बिनपावतीचे.
"हे बसव. मले रस्ता दिसाले पायजे."

सावद्यात दुपारचे साडेतीन.
गाडी भरलेली, घडांवर घड,
वरून केळीचीच पानं दाबलेली,
आणि परवा पहाटे दिल्लीत दलाल घड्याळ बघत उभा.

मागच्या खेपेला रावेरच्या अलीकडे
एक बैलगाडी त्याला दिसली ती फक्त
मागे पाय सोडून बसलेल्या पोराच्या
पांढऱ्या बनियनमुळे.
"पोरगं हाललं बी नाही," तो म्हणाला,
"पाहतच रायलं माह्याकडे."

मी मीटर काढला.
इंजिन चालू, बॅटरीवर सत्तावीस पॉइंट चार.
होल्डरवर बावीस पॉइंट नऊ.
मधले साडेचार कुणी खाल्ले ते मला न बघता कळतं:
थोडे स्टेअरिंगखालच्या स्विचने,
थोडे त्या जांभळ्या वायरीने
(धुळ्याच्या कुणी टाकलेली, मांज्याएवढी बारीक)
आणि उरलेले गंजाने,
चेसिसवर जिथे अर्थिंगचा बोल्ट बसतो तिथे.
म्हटलं, भाऊ, याच्यावर शंभर घातला
तर उजेड येणार नाही, वास येईल.

वितळलेल्या होल्डरांचा एक डबा आहे माझ्याकडे,
गिऱ्हाइकाला दाखवायला ठेवलेला.
कुणी बघत नाही. त्यानेही नाही बघितला.

गंज घासला. तांबं चमकेपर्यंत टोकं सोलली.
बॅटरीपासून थेट जाड वायर, फ्यूज, दोन रिले.
"रिले म्हंजे काय?"
म्हटलं, मुनीम.
शेठ गादीवरून नुसती मान हलवतो,
पैसा भलत्याच वाटेने पोचतो.

आधी त्याचा जुनाच बल्ब लावून बघितला.
समोरच्या गोदामाच्या भिंतीवर
भर उन्हात पिवळा डाग उठला.
"नवा का रे हा?"
तुझाच. इतके दिवस उपाशी होता.

तो बराच वेळ त्या डागाकडे बघत राहिला.
मग म्हणाला, "तरी शंभरवाला घाल."

मी घातला.
मजुरीचे दीडशे जास्त, हे एक.
दुसरं, ते बनियन आता मलाही दिसायला लागलं होतं.

फोकसची रेघ जुळवायला अंधार लागतो.
त्याच्याकडे अंधार पडेपर्यंत वेळ नव्हता.

नऊ दिवसांनी, विवऱ्याचं लग्न आटपून
मी आणि शेवंता मोटरसायकलवर परतत होतो.
समोरून एक पांढरी भिंतच आली.
रस्ता गेला, हँडल गेलं, माझे स्वतःचे हात गेले.
चाक कच्च्यावर उतरलं,
खाली ठिबकची नळी फाटकन वाजली,
आणि केळीची पानं तोंडावर.

भरलेली गाडी मागे बसते, नाक वर करते.
हे मला माहीत होतं.
डावा दिवा किंचित आत बघणारा,
त्याची तुटकी क्लिप मीच तारेने बांधलेली.

"कोण होता मेला?" पदर झटकत शेवंता.
मी नळीतून उडणारं पाणी बघत राहिलो.
लग्नासाठी पांढरा शर्ट घातला होता मी.
त्याला दिसलो असणार.
लांबून, लख्ख,
बटणं मोजता येतील इतका.

सकाळी फोन लावला. तो शिवपुरीच्या पुढे.
म्हटलं, पुढच्या खेपेला गाडी भरूनच ये,
पण दिवस बुडल्यावर.
"काहून? बल्ब तं झकास हायेत."
स्क्रू दोन आटे खाली घ्यायचाय.
पैसे नको.
पलीकडे नुसता इंजिनाचा आवाज.
मग म्हणाला, "पाहू."

गोदामाच्या भिंतीवर गेरूने आडवी रेघ मारून ठेवलीय,
जमिनीपासून माझ्या कमरेइतकी.
काल कुणीतरी तिच्यावर पान थुंकलं.
भिंत धुतली, रेघ पुन्हा ओढली.
दुकान हल्ली जरा उशिरानेच बंद करतो.